समोर टाकलेली वस्तू आणि जडलेला जीव

मुंबईत घर भाड्याने देणाऱ्या, विकणाऱ्या किंवा नुसत्या न्हाणीघराच्या लाद्या बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने सोसायटीच्या कचेरीत जाऊन कधी ना कधी ‘एनओसी’ मागितलेली असते. त्या तीन अक्षरांतले मधले अक्षर ‘ऑब्जेक्शन’चे आहे, आणि ऑब्जेक्शन म्हणजे मुळात आपल्या वाटेत कोणीतरी आणून टाकलेली गोष्ट. लॅटिनमध्ये ‘ओब’ म्हणजे समोर आणि ‘याकेरे’ म्हणजे फेकणे. त्या दोहोंच्या जोडणीतून जे क्रियापद होते, त्याच्या धातुसाधित विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप म्हणजे ‘ऑब्जेक्टम’, अर्थात समोर टाकलेले. त्याच ‘फेकण्या’ची बाकीची भावंडे आपण दिवसभर वापरत असतो: आत फेकले ते इंजेक्शन, पुढे फेकला तो प्रोजेक्ट, मागे फेकले ते रिजेक्ट. मराठीने एनओसीचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ केले, ते वरकरणी सरळ भाषांतर आहे. पण हरकत हा शब्द अरबीत हालचाल या अर्थाचा आहे. म्हणजे लॅटिनला वाटेत पडलेला अडथळा दिसला आणि आपण जो शब्द घेतला त्यात मुळात चुळबुळ होती. कमिटीच्या सभेत पाहावे तर दुसरा अर्थच जास्त खरा वाटतो.

हे सारे आठवण्याचे कारण मध्यंतरी आलेला एक दूरध्वनी. एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत काम करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी विचारत होती, “सर, ‘ऑब्जेक्टम सेक्शुअलिटी’ला मराठीत काय लिहू? डेस्कवर ‘वस्तुकामुकता’ म्हणतायत. मला ते कसंतरीच वाटतंय.” तिला कसेतरी वाटले हे मला भाषेच्या दृष्टीने शुभ लक्षण वाटले. शब्द सुचणे ही पुढची पायरी. शब्द खटकणे ही पहिली.

ज्यांना या शब्दाचा पत्ता नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काही थोड्या माणसांचे प्रेम, ओढ, सहवासाची इच्छा, आणि काहींच्या बाबतीत शारीरिक आकर्षणही, माणसांकडे न जाता पूल, मनोरा, भिंत, यंत्र अशा एखाद्या वस्तूकडे जाते. एया-रीटा एक्लोफ या स्वीडिश बाईंनी १९७९ मध्ये बर्लिनच्या भिंतीशी आपले लग्न झाल्याचे सांगितले, आडनावही ‘बर्लिनर-माउअर’ म्हणजे ‘बर्लिनची भिंत’ असे लावले. ‘ऑब्जेक्टम सेक्शुअलिटी’ या शब्दाचे जनकत्व सामान्यतः त्यांच्याकडेच दिले जाते. अमेरिकेतील तिरंदाज एरिका आयफेल यांनी २००७ मध्ये आयफेल मनोऱ्याशी विवाहविधी केला आणि पुढे अशा लोकांचे एक आंतरराष्ट्रीय संघटनही उभे केले. या दोन्ही विवाहांना कायद्याचा आधार नव्हता आणि तो त्यांनी मागितलेलाही नव्हता. वर्तमानपत्रांनी जगभर ही बातमी ज्या सुरात छापली तो सूर आपल्याला अपरिचित नाही: शेवटच्या पानावर, चौकटीत, वर उद्गारचिन्ह.

या शब्दात दोन्ही अंगे लॅटिन आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण याच भावनेला दुसरेही एक नाव चालते, ‘ऑब्जेक्टोफिलिया’, आणि त्यात धड लॅटिन, शेपूट ग्रीक आहे. असे संकर नवे नाहीत. ‘टेलिव्हिजन’ तसाच आहे, आणि १८६९ मध्ये कार्ल-मारिया कर्टबेनीने प्रथम छापलेला ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दही ग्रीक डोके आणि लॅटिन धड असलेलाच. तेव्हा शुद्धतेचा प्रश्न सोडून देऊ. प्रश्न शेजाराचा आहे. ‘-फिलिया’ म्हणजे ग्रीकमध्ये साधे सख्य, स्नेह. पण एकोणिसाव्या शतकातल्या मनोविकारतज्ज्ञांनी हे शेपूट प्रेतांशी आणि लहान मुलांशी संबंधित विकृतींना लावले, आणि तेव्हापासून ज्या शब्दाला ते लागते तो शब्द आपोआप पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसतो. उलट ‘-सेक्शुअलिटी’ लावले की तोच शब्द होमो, हेटरो, बाय यांच्या रांगेत उभा राहतो. म्हणजे एक्लोफबाईंनी प्रत्यय निवडला तेव्हाच त्यांनी एक दावा केला होता: मी रोगी नाही, माझा कल वेगळा आहे. तो दावा कोणाला पटो वा न पटो, भाषांतर करणाऱ्याने तो दावा पुसून टाकता कामा नये. ‘वस्तुकामुकता’ नेमके तेच करते. मराठीत ‘कामुक’ हे विशेषण शिवीच्या उंबरठ्यावर उभे असते. कामुक नजर, कामुक चाळे. त्याला भाववाचक ‘ता’ लावल्याने ते शास्त्रीय होत नाही, फक्त सूटबूट घालते.

आणि सूटबूट हाच या लॅटिनचा जुना धंदा आहे. रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने १८८६ मध्ये ‘सायकोपॅथिया सेक्शुआलिस’ प्रसिद्ध केले तेव्हा नाव तर लॅटिन ठेवलेच, पण आतल्या जर्मन मजकुरातही जिथे तपशील फार उघडे होत होते तिथे मधूनच लॅटिन वापरले, हेतू हा की डॉक्टर आणि वकिलांपलीकडच्या वाचकाने ते वाचू नये. पडदा पाडण्यासाठी एक मेलेली भाषा वापरायची, ही युक्ती. आपल्याकडे तीच चाकरी संस्कृतला करावी लागते. शरीराच्या ज्या भागाला घरात नाव नाही त्याला पाठ्यपुस्तकात पाच अक्षरी तत्सम शब्द मिळतो, आणि मुलगा तो पाठ करतो पण आईला दुखते कुठे ते सांगू शकत नाही.

मुंबईने याच्या उलट जाऊन पाहिलेले आहे, आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांनी विचारलेल्या हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांसारख्या प्रश्नांना त्यांनी सरळ मराठीत, भीडभाड न ठेवता उत्तरे दिली. त्यावरून खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. त्या खटल्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ही की वाद प्रश्नांच्या छपाईवरूनही होता: लोकांच्या मनातले प्रश्न त्यांच्या भाषेत छापायचेच कशाला? तोच मजकूर लॅटिनमिश्रित इंग्रजीत एखाद्या वैद्यकीय नियतकालिकात आला असता तर कोणाची झोप मोडली नसती. नव्वद वर्षांनंतर आपण ‘वस्तुकामुकता’ लिहितो तेव्हा आपण कर्व्यांच्या बाजूला नाही, पडदा पाडणाऱ्यांच्या बाजूला उभे असतो.

आता वस्तू या शब्दाकडेच पाहू, कारण इथे लॅटिन आणि आपण अगदी वेगळ्या दिशांनी आलो आहोत. ‘ऑब्जेक्टम’मध्ये एक बघणारा आहे आणि त्याच्यासमोर टाकलेले काहीतरी आहे, अंतर आधी, वस्तू नंतर. मध्ययुगीन तत्त्वज्ञांनी तर ‘ऑब्जेक्टिव्ह’ अस्तित्व म्हणजे मनासमोर प्रतिमारूपाने असलेले अस्तित्व असा अर्थ घेतला होता, आजच्या ‘वस्तुनिष्ठ’च्या बरोबर उलटा, अठराव्या शतकाच्या आसपास ही कोलांटी पुरी झाली. ‘वस्तु’ हा संस्कृत शब्द मात्र ‘वस्’ म्हणजे राहणे, वस्ती करणे या धातूवरून आला आहे. वास्तू, वास्तव, वस्ती ही सगळी त्याच घरातली मंडळी. लॅटिनची वस्तू समोर फेकलेली असते आणि आपली वस्तू राहत असते. व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान काढू नये हे मला ठाऊक आहे, विद्यार्थ्यांना मी ते वर्षानुवर्षे बजावत आलो आहे. तरीही ज्या बाईला भिंत ही समोर पडलेली जड गोष्ट वाटतच नव्हती, ती सोबत करणारी कोणीतरी वाटत होती, तिच्या भावनेला ‘ऑब्जेक्टम’पेक्षा ‘वस्तु’ हा शब्द जवळचा आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मराठीत आणखी एक सोय आहे. इंग्रजीत वस्तूला ‘इट’ म्हणून मोकळे होता येते. आपल्याला तो दरवाजा, ती भिंत, ते दार असे लिंग दिल्याशिवाय वाक्य पुढे सरकवता येत नाही. लॅटिनमध्येही भिंत (मूरुस) पुल्लिंगी आणि मनोरा (तुर्रिस) स्त्रीलिंगी आहे. ‘ऑब्जेक्टम’ हे जातिवाचक नाव तेवढे नपुंसकलिंगी. प्रत्येक वस्तूला लिंग, आणि ‘वस्तुमात्रा’ला मात्र नाही!

‘विषय’ हा शब्द चालला असता का, असेही त्या विद्यार्थिनीने विचारले, कारण शाळेत ‘सब्जेक्ट’ला विषय म्हणतात आणि तत्त्वज्ञानात ‘ऑब्जेक्ट’ला. हा गोंधळ खरा आहे आणि तो आपला नाही, युरोपचा आहे. जुन्या शास्त्रकारांनी ‘विषय’ची फोड ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूवरून केली: जो इंद्रियांना बांधून घेतो तो विषय. समोर फेकलेले नव्हे, धरून ठेवणारे. गीतेतल्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून संग आणि संगातून काम उपजतो असा जो क्रम दिला आहे, तो पाहिला तर वस्तूविषयीच्या आकर्षणाला ‘विषय’ हाच शब्द नेमका ठरला असता. पण कीर्तनकारांनी ‘विषयवासना’ इतकी झोडपली आहे की शब्द आता सुधारण्यापलीकडे गेला. शांकरभाष्यात ‘विषयी’ म्हणजे जाणणारा. आजच्या बोलण्यात विषयी माणूस म्हणजे ज्याच्यापासून मुलींनी जपून राहावे असा.

मग मराठी माणूस वस्तूवरच्या प्रेमाबद्दल बोलतो तरी कसा? तो म्हणतो, ‘या घरावर माझा जीव जडला.’ हे क्रियापद मला फार मोलाचे वाटते. त्यात रोग नाही, निदान नाही, आणि जीव जातो तो माणसाकडून वस्तूकडे. बारशाला पाळण्याभोवती बायका उभ्या राहतात, वरवंट्याला कुंची घालतात, आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत तो दगड पाळण्याच्या वरून खालून एकमेकींच्या हातात देतात. मागच्याच वर्षी परळच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत मी हे पाहिले. वरवंटा कोणाच्या तरी गावाहून आणलेला, कारण घरात मिक्सर. कुंचीच्या कडेला हळद लागली होती, आणि एका आजींनी तो घेताना डोके सांभाळावे तसा डाव्या तळहाताने वरून आधार दिला. दगडाला डोके नसते हे त्यांना माहीत होते. हात आपोआप तसा गेला.

कार्तिकात तुळशीचे लग्न शाळिग्रामाशी लागते, म्हणजे रोपट्याचे दगडाशी. दसऱ्याला लोकलच्या डब्यांना झेंडूच्या माळा चढतात. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस प्रवासी दरवर्षी केक कापून साजरा करतात, आणि १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी दुमजली बस निघाली तेव्हा तिला निरोप द्यायला माणसे जमली, त्यात डोळे पुसणारेही होते.

इथे मात्र थांबायला हवे, कारण याच ठिकाणी आपल्याकडचे लेख घसरतात. ‘आमच्या संस्कृतीत हे पूर्वीपासून होतेच’ हे वाक्य जितके सुखद तितके पोकळ. वरवंट्याला कुंची घालणारी बाई वरवंट्याच्या प्रेमात पडलेली नसते. ती बाळासाठी आयुष्य मागत असते, दगडासारखे टणक. बसला निरोप देणारा माणूस आपल्या तारुण्याला निरोप देत असतो. एक्लोफबाईंचे म्हणणे यापैकी काहीच नव्हते. भिंत त्यांच्यासाठी कशाचे प्रतीक नव्हती, भिंत भिंत होती. त्यांच्या अनुभवाला आपल्या सणवारांच्या घडीत बसवणे म्हणजे त्याला पुन्हा न ऐकणेच.

तरी या प्रथांचा उल्लेख मी मुद्दाम केला, तो दुसऱ्या कारणासाठी. वस्तूवरच्या आसक्तीला वैद्यकशास्त्राने दिलेले सर्वांत प्रसिद्ध नाव ‘फेटिशिझम’. लैंगिक अर्थाने ते आल्फ्रेद बिने याने १८८७ मध्ये रूढ केले. मूळ शब्द पोर्तुगीज ‘फेइतिसो’, त्याच्याही मागे लॅटिन ‘फाक्तिकियुस’ म्हणजे हाताने बनवलेले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या पोर्तुगीजांनी तिथल्या लोकांच्या पूज्य वस्तूंना हे नाव दिले; ‘हे लोक हाताने केलेल्या वस्तूला देव मानतात’ असा त्यात तिरस्कार होता. त्याच पोर्तुगीजांनी या बाजूच्या किनाऱ्यावर आपल्याला चावी, बटाटा, पगार हे शब्द दिले. फेइतिसो तेवढा दिला नाही, पण कुंचीतला वरवंटा पाहून त्यांच्या तोंडी दुसरा शब्द आला असता असे मला वाटत नाही. सांगायचे एवढेच की या क्षेत्रातली नावे अनेकदा बाहेरून, वरून आणि नाक मुरडून दिली गेली आहेत. ‘ऑब्जेक्टम सेक्शुअलिटी’चे वेगळेपण हे की ते नाव ज्यांचे आहे त्यांनीच स्वतःला दिले.

वैद्यकाचाही सूर गेल्या काही वर्षांत बदलला आहे. मनोविकारांच्या २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेने वेगळी लैंगिक ओढ आणि विकार यांत फरक केला: त्या ओढीमुळे स्वतःला त्रास होत असेल, जगणे अडत असेल किंवा दुसऱ्याला इजा पोहोचत असेल तरच विकार. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातून फेटिशिझम हे निदानच वगळले गेले. २०१९ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी असा कल असणाऱ्या ३४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात स्वमग्नतेचे आणि सिनेस्थेशियाचे, म्हणजे अक्षरांना रंग किंवा अंकांना स्वभाव असल्याचे आपोआप जाणवण्याचे, प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. ३४ ही लहान संख्या आहे आणि तिच्यावर मोठी इमारत बांधू नये. पण ज्यांच्या मेंदूला ‘पाच’ हा आकडा तापट वाटू शकतो त्यांना पूल प्रेमळ वाटणे हे वेडाचेच लक्षण मानायला हवे असे उरत नाही.

गंभीर आक्षेप एकच आहे आणि तो टाळू नये. भिंत होकार देऊ शकत नाही. प्रेम म्हणजे दोघांतला व्यवहार असेल तर हे प्रेम कसे? मला वाटते, होकाराची अट आपण घालतो ती समोरच्याला इजा होऊ नये म्हणून, आणि भिंतीला ती इजा होत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्यांचा शेवट बहुधा ॲसिड किंवा कोयत्याने होतो. तिथे समोर नकार देऊ शकणारी, नकार दिलेली मुलगी असते. तो शब्द आपण किती सहज लिहितो, आणि पुलाला मिठी मारणारी बाई मात्र आपल्याला ‘विकृत’ वाटते, याचा हिशेब एकदा मांडायला हरकत नाही.

शब्दाकडे परत येतो. माझी सूचना ‘वस्तुरती’ अशी होती. रती ही साहित्यशास्त्रातली शृंगाराची स्थायी भावना. तिच्यात देहही येतो आणि ओढही, आणि अशा लोकांपैकी अनेकजण देहसंबंधापेक्षा सहवासाबद्दलच अधिक बोलतात, त्यामुळे ‘काम’पेक्षा ती अधिक नेमकी बसते. शिवाय संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने ‘देवादिविषया रती’ म्हणजे देव, गुरू, राजा, पुत्र यांच्याविषयीची रती वेगळी गणून तिला ‘भाव’ म्हटले आहे. म्हणजे रतीचा विषय प्रियकर-प्रेयसीच असला पाहिजे असे निदान अकराव्या शतकात तरी मानले जात नव्हते. विद्यार्थिनीचे म्हणणे, “सर, रती म्हटलं की लोकांना रतिक्रीडाच आठवते.” खरे आहे. (सोनाराकडे जाणाऱ्यांना गुंजही आठवेल.) पण झिजलेला शब्द वापरूनच पुन्हा भरता येतो, आणि हा उच्चारायला चार अक्षरांचा आहे, ‘वस्त्वनुराग’ लिहिले तर निवेदिकेची जीभ अडखळेल. नाम हवे तिथे वस्तुरती लिहावे, कारण नामामुळेच या लोकांनी एकमेकांना शोधले. आणि वाक्यात गोष्ट सांगायची असेल तिथे ‘तिचा भिंतीवर जीव जडला’ असे साधे क्रियापद ठेवावे, कारण क्रियापद माणसाला खोक्यात भरत नाही.

हे काम एकट्या उपसंपादिकेवर सोडायचे नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये लैंगिक अल्पसंख्याकांविषयीच्या तमिळ शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली, आणि ती करताना त्या समूहांतल्या लोकांना बरोबर घेतले. आपल्याकडे भाषा संचालनालय १९६० पासून आहे, परिभाषा कोशांची मोठी फळी आहे. सरकारी पदांची मराठी नावे देणाऱ्या पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टा झाली तरी त्यातले कित्येक शब्द आज आपण न अडखळता वापरतो. अशी सूची मराठीत करायला अडचण पैशांची नाही. अडचण एवढीच आहे की ती करायला बसलेल्या समितीत, ज्यांच्याविषयी शब्द करायचे त्यांना खुर्ची द्यावी लागेल.

पुरवणी त्या शनिवारी आली. लेख आतल्या पानावर होता, बरा लिहिलेला. मजकुरात ‘वस्तुरती’ तीनदा आला होता, तिन्ही वेळा अवतरणचिन्हांत, चिमट्याने धरावा तसा. मथळा वरिष्ठांनी दिला असावा. तो होता, ‘ऐकावे ते नवलच! बाईने केले भिंतीशी लग्न’.